मूल हवंय, मग ताटात काय हवं?

कोकणात गणपतीत घरोघरी आरतीला जाणाऱ्या नव्या जोडप्याला मोदकासोबत एक प्रश्न हमखास मिळतो: "काय मग, गोड बातमी कधी?" लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असली की प्रश्नामागोमाग सल्लाही येतो. एक मावशी म्हणते पपई बंद कर. दुसरी म्हणते खारीक घालून दूध पी. मुंबईहून आलेली वहिनी मोबाइल पुढे करते. त्यात कुणीतरी छान साडी नेसलेली बाई सांगत असते की पाळीनंतर चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया खा, मग चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया खा, हार्मोन आपोआप जागेवर येतील. खाली त्या बियांचं पाकीट विकायला असतंच.

हा गोंधळ एकट्या कोकणातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जगभरचे आकडे एकत्र केले, तेव्हा साधारण सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो असं दिसलं. वंध्यत्व म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो: वर्षभर गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही गर्भ न राहणं. दोन महिने झाले, तीन महिने झाले, याला वंध्यत्व म्हणत नाहीत, सासूबाई काहीही म्हणोत.

आता मुद्द्याचं. अन्नाने गर्भ राहत नाही. असा एकही पदार्थ नाही, ना समुद्रात ना रानात. अन्न करतं ती तयारी: बीजाची, रक्ताची, आणि गर्भ राहिल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांची. ही तयारी दोघांची असते, आणि तिला लागणारं बरंचसं सामान कोकणातल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. नसलेल्या एक-दोन गोष्टी मात्र औषधाच्या दुकानातूनच आणाव्या लागतात.

तीन महिने आधीपासून का?

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू रोज तयार होतात, पण एक शुक्राणू पूर्ण घडायला सुमारे 74 दिवस लागतात. त्यापुढे तो बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज जे शुक्राणू आहेत, ते जवळपास तीन महिन्यांपूर्वीच्या खाण्यापिण्याच्या, तापाच्या, तंबाखूच्या काळात घडायला लागलेले आहेत. बाईची बीजं तिच्या जन्मापासूनच अंडाशयात असतात. पण त्यातलं एखादं पिकून बाहेर पडण्याआधीचा जो शेवटचा वाढीचा टप्पा असतो, तोही असाच तीनेक महिन्यांचा.

भाजावळ आठवा. भाताचा तरवा पेरायचा असतो पहिल्या पावसाला, पण पालापाचोळा, कवळं, शेण पसरून जमीन भाजून ठेवायची ती उन्हातच. मृगाच्या सरी आल्यावर कोणी भाजावळीला निघत नाही. (बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, ही जुनी उपमा मला अजिबात मान्य नाही. अर्धं बीज तिचं असतं. इथे भाजावळ दोघांच्याही अंगणात आहे.)

म्हणून "गर्भ राहिला की चांगलं खायला लागू" हा हिशेब उशिराचा. पुढची गोळीची गोष्ट तर याहून ठळक आहे.

एक गोळी, जिच्याबद्दल वाद नाही

फॉलिक ॲसिड हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. गर्भात मेंदू आणि पाठीचा कणा आधी एका उघड्या पन्हळीसारखा असतो, मग तिच्या कडा जुळून नळी होते. ही नळी बंद होते ती गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवसापर्यंत. त्या वेळी बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तोवर शंकाही आलेली नसते. नळी नीट बंद झाली नाही तर बाळाच्या पाठीत किंवा डोक्यात जन्मजात गंभीर दोष राहतो. शरीरात फॉलिक ॲसिड पुरेसं असेल तर हा धोका खूप कमी होतो. हे 1991 आणि 1992 मधल्या मोठ्या चाचण्यांत इतकं स्वच्छ दिसलं की त्यानंतर जगभर एकच सल्ला आहे: मूल हवं असं ठरवल्यापासून, निदान एक महिना आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने.

"आम्ही पालेभाजी भरपूर खातो की." खा, जरूर खा. पण पालेभाजीतलं हे जीवनसत्त्व शिजवताना बरंच नाहीसं होतं, आणि रोज नेमकं तेवढं पोटात गेलं याची खात्री भाजीवर ठेवता येत नाही. इथे गोळीच हवी.

दुकानात सर्रास मिळणारी गोळी 5 मिलिग्रॅमची असते, म्हणजे 400 मायक्रोग्रॅमच्या बारा पटींहून जास्त. आधीच्या बाळाला असा दोष असेल, बाईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात. बाकीच्यांनी पट्टीवरचा आकडा दाखवून विचारावं. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणारी लाल गोळी वेगळी. ती लोहाची, आठवड्यातून एकदा घ्यायची, आणि तिच्यात फॉलिक ॲसिडही असतं. पण आठवड्याची गोळी ही रोजच्या गोळीची जागा घेत नाही. मूल हवं आहे हे आशाताईंना मोकळेपणाने सांगा. त्यांना यात नवीन काही नसतं.

रक्त आधी, बाकी नंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अर्ध्याहून जास्त. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर गर्भ राहण्याआधीच ते वर आणणं सोपं जातं. सातव्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा नक्कीच.

लोहासाठी गूळ-शेंगदाण्यावर विसंबू नका. गुळात लोह असतं, पण साखरही असते, आणि लोह भरून काढण्याइतका गूळ खायला लागलात तर दुसरीच दुखणी मागे लागतील. खाडीकाठच्या लोकांनी तिसऱ्यांकडे, म्हणजे शिंपल्यांकडे बघावं. शिंपल्यातलं लोह आणि ब-12 जीवनसत्त्व दोन्ही उत्तम, आणि प्राण्यांच्या मांसातलं लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज उचलतं. फक्त त्या स्वच्छ पाण्यातल्या असाव्यात आणि पूर्ण शिजलेल्या असाव्यात. न खाणाऱ्यांना कुळीथ, काळे वाटाणे, मोड आलेली मटकी, पावसात टाकळा आहे. त्यांच्यातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं, म्हणजे क जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू. आणि एक फळ, ज्याची आपण निव्वळ नासाडी करतो: काजूचं बोंड. बी पिरगळून घेतात आणि बोंड झाडाखाली कुजायला सोडतात. त्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. घशाला खवखवतं खरं. फोडी करून मीठ लावून थोडा वेळ ठेवल्या की बरंच कमी होतं.

जेवण झाल्या झाल्या चहा, ही सवय मात्र लोहाच्या मुळावर येते. तास-दीड तास जाऊ द्या. आणि दिवसाला दोन-तीन कपांत भागवा.

मासे खायचे की सोडायचे?

इथे दोन्हीकडून ओढाताण आहे. एकीकडे "मासे गरम, गर्भ टिकत नाही" असं सांगणाऱ्या आजीबाई, दुसरीकडे "माशांत पारा असतो" असं सांगणारा मोबाइल. पहिल्या म्हणण्याला आधार नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण सगळ्या माशांना ते लागू होत नाही.

पारा समुद्रात थोडा थोडा असतोच. लहान मासा तो गिळतो, त्याला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा. वर वर जाताना पारा साठत जातो. म्हणून जो मासा मोठा, शिकारी आणि बरीच वर्षं जगणारा, त्याच्यात तो सगळ्यात जास्त. मोरी-मुशी म्हणजे शार्क, तलवार मासा, मोठा कुपा म्हणजे ट्यूना. गर्भाच्या मेंदूला पारा घातक असतो, आणि शरीरात शिरलेला पारा निघून जायला महिने लागतात, म्हणून हे मासे गर्भ राहण्याच्या आधीपासूनच टाळायचे. आपल्याकडे मोरीचं मटण बाळंतिणीला दूध यावं म्हणून कौतुकाने देतात. कौतुक राहू द्या, मासा बदला. सुरमईही शिकारीच. कधीतरी एक तुकडी खाल्ली म्हणून बिघडत नाही, पण रोजची नको.

आता बाजारात जा. सकाळी टोपलीत तारल्यांचा वाटा लावलेला असतो. मासेवाली कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते, पोट दाबून दाखवते. आणि गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून पलीकडच्या पापलेटाकडे बघत असतं. पाहुणे आले की पापलेट ठीक आहे. पण तारली, बांगडा, पेडवे, मांदेली हे लहान मासे पाऱ्याच्या बाबतीत निर्धास्त, खिशाला हलके, आणि ओमेगा-3 या उपयोगी चरबीत तारली-बांगडा पापलेटाला मागे टाकतात. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं आठवड्यातून दोन-तीनदा ताटात आलं तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालवायची गरज राहत नाही. आणि घ्यायचीच झाली तर पट्टीवर 'लिव्हर ऑइल' लिहिलंय का बघा. यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गर्भारपणात ते जास्त झालेलं चालत नाही.

माशांचा आणि गर्भ राहण्याचा थेट संबंध आहे का? अमेरिकेत मिशिगन आणि टेक्सासमधल्या 501 जोडप्यांवर झालेला एक अभ्यास 2018 साली छापला गेला. आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा मासे खाणाऱ्या जोडप्यांत वर्षभरात 92 टक्के ठिकाणी गर्भ राहिला, कमी खाणाऱ्यांत 79 टक्के ठिकाणी. ऐकायला छान आहे. पण हा नुसता पाहणीचा अभ्यास होता. कोणाला मासे देऊन आणि कोणाला न देऊन केलेली तुलना नव्हती. शिवाय जास्त मासे खाणारी जोडपी जवळही जास्त वेळा येत होती, असंही त्यात आढळलं. मासे खाण्यात तोटा नाही आणि फायद्याची शक्यता आहे, एवढंच यातून घ्यावं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा सुके बांगडे, जवळा, सोडे असतात. मीठ धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर बेतानेच. अंडी बाराही महिने. शाकाहारी घरात ब-12 ची तपासणी करून घेणं शहाणपणाचं, कारण ते दूध-दह्याव्यतिरिक्त शाकाहारात जवळपास मिळतच नाही.

आणि मीठ. मिठागराचं खडं मीठ चवीला कितीही चांगलं असलं तरी त्यात आयोडीन नगण्य असतं. आयोडीन कमी पडलं की थायरॉइडचं काम बिघडतं, थायरॉइड बिघडला की पाळी आणि बीज सुटणं बिघडतं, आणि पुढे गर्भाच्या मेंदूची वाढही त्यावरच अवलंबून. खडं मीठ लोणच्याला ठेवा, आमटीत आयोडीनयुक्त पुडीचं घाला.

पीसीओएस आहे, मग भात सोडायचा?

कोकणातल्या मुलीला "भात सोड" म्हणणं म्हणजे "जेवू नको" म्हणण्यासारखंच.

पीसीओएसमध्ये अंडाशयात बीजं असतात, पण ती वेळेवर पिकून सुटत नाहीत, म्हणून पाळी लांबते. बऱ्याच जणींत याच्या मुळाशी इन्सुलिनची गडबड असते. इन्सुलिन हे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. बीज अडकतं. म्हणून एकदम साखर चढवणारं खाणं कमी केलं, वजन जास्त असेल तर त्यातलं 5 टक्के जरी उतरलं, तरी पाळी सुधारायला अनेकींना मदत होते. सत्तर किलोच्या बाईसाठी हे साडेतीन किलो झालं. झिरो फिगर कोणी मागितलेली नाही.

यासाठी कुठला खास 'डाएट' लागतो का? पीसीओएसवरच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात साफ म्हटलंय की कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो पाळता येईल तो चांगला. म्हणजे भात खा, पण त्याचा डोंगर नको. आधी ताटात उसळ, मासा किंवा अंडं आणि भाजी वाढा, मग उरलेल्या जागेत भात. शक्य असेल तिथे उकडा तांदूळ: तो सडीक पांढऱ्या तांदळापेक्षा साखर सहसा सावकाश चढवतो आणि त्यात ब जीवनसत्त्वंही जास्त टिकलेली असतात. एक वेळ नाचणीची भाकरी. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या आसपासही नाही. गंमत बघा, उकड्या तांदळाची पेज आणि नाचणीची भाकरी हे गरिबीचं जेवण म्हणून एका पिढीने सोडलं, आता तेच डबाबंद होऊन पुण्याहून परत येतंय.

बियांच्या त्या चक्राबद्दल: जवस, तीळ खायला उत्तम. पाळीच्या पहिल्या भागात ही बी आणि दुसऱ्यात ती, यामागे भरवशाचा पुरावा नाही. चटणी करून महिनाभर खा.

खरा शत्रू बेकरीत बसलेला असतो. वनस्पती तुपातली खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटचा, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीचा, बीज न सुटण्याशी संबंध अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीत दिसला होता. आपल्याकडे 2022 पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांहून जास्त नसावं असा नियम आहे. सुट्या नानकटाईच्या बरणीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं.

आणि उलट बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचातली एक बाई गरजेपेक्षा बारीक निघाली. शरीराला चरबी फार कमी पडली की ते पाळीच थांबवतं. अशा मुलीने सोमवार, गुरुवार, संकष्टी असे लागोपाठ उपास करून देवाला साकडं घालणं म्हणजे मागणं एक आणि करणं दुसरं. तिने जास्त खायला हवं, उपासाला साबुदाणा तर नकोच.

"आमच्या मुलात काही दोष नाही"

हे वाक्य ज्या घरात तपासणीआधीच उच्चारलं जातं, तिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत सापडतं. तरी काढे तिला, उपास तिला, शिबिराच्या रांगेत ती. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त, सोपी, न दुखणारी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस्स. तिच्या पोटात दुर्बीण घालायच्या आधी ती व्हायला हवी.

पुरुषाने काय खावं, यापेक्षा काय सोडावं हे मोठं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू कुठल्याही रूपात शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण बिघडवते. (मशेरीची डबी चुलीमागे ठेवणाऱ्या बायकांनाही हेच लागू. दात घासायची म्हणून ती तंबाखू नव्हे, असं होत नाही.) माडी, फेणी, बिअर यांत 'नैसर्गिक' म्हणून सूट कोणालाच नाही. वृषणं शरीराबाहेर असतात ती थंड राहावीत म्हणून. ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये तासन्‌तास काम, ट्रकच्या केबिनमध्ये मुंबई-गोवा फेऱ्या, मांडीवर लॅपटॉप, हे सगळं उष्णतेच्या खात्यात. आणि जिममध्ये दंड फुगवायला मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं: बाहेरून हार्मोन आलं की शरीर आतली निर्मिती बंद करतं, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. मर्दानी दिसायच्या नादात नेमकं हेच जातं.

खाण्यात सुकामेव्याला थोडा आधार आहे. स्पेनमध्ये 2018 च्या एका चाचणीत 14 आठवडे रोज 60 ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट खाणाऱ्या तरुणांचे शुक्राणू संख्येने आणि हालचालीने सुधारले. त्यातून गर्भ जास्त राहिले का, हे त्यांनी तपासलं नव्हतं. काजूही त्यात नव्हता, तेव्हा वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी लगेच फलक लावू नयेत. उलट झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरुषांना सर्रास दिल्या जातात. अमेरिकेत 2370 पुरुषांवर त्यांची कसून चाचणी झाली, निकाल 2020 मध्ये आला: ना वीर्य सुधारलं, ना जिवंत जन्म वाढले. बाईसाठी अत्यावश्यक असलेली गोळी पुरुषाला निरुपयोगी ठरू शकते.

"गो, पपई खाव नको"

पिकलेल्या पपईने गर्भ पडत नाही. शंका आहे ती कच्च्या पपईच्या चिकाबद्दल. उंदरांवरच्या प्रयोगात चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं, पिकलेल्या फळाने काही झालं नाही. म्हणून कच्च्या पपईची भाजी टाळा, पिकलेली फोड निवांत खा. तीळ, कुळीथ, अननस, आंबा या सगळ्यांना 'उष्ण' म्हणून हाकलणं मात्र महागात पडतं, कारण त्यातलं अर्धं अधिक खरं पोषण आहे. कुळथाची पिठी आणि भात खाऊन कोणाचा गर्भ पडल्याचं कुठल्याही शास्त्रीय नोंदीत नाही. लवकरचे बरेचसे गर्भपात होतात ते गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीमुळे. आदल्या दिवशी काय खाल्लं याचा त्याच्याशी संबंध नसतो, तरी दोष त्या ताटावर आणि पर्यायाने तिच्यावर येतो.

मग आजीला दहा मुलं कशी झाली?

खरंच झाली. सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिलं मूल. वय हा सगळ्यात मोठा घटक आहे आणि तो आहाराने बदलता येत नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. पण आजीच्या दहांपैकी जगली किती, हेही विचारा. जन्मतः पाठीत दोष असलेलं बाळ तेव्हा काही दिवसांत जायचं, त्याचं नावही कोणी घेत नसे. आणि वाडीतली ती दुसरी बाई, जिला मूल झालं नाही, जिच्या घरात दुसरी आणली, तिची गोष्ट आज सांगायला कोणी नातू नाही. आपल्यापर्यंत पोचतात त्या फक्त दहा मुलांवाल्या आजीच्या गोष्टी.

मुलगा होण्यासाठीची पुडी

याला फार शब्द खर्चायचे नाहीत. मुलगा की मुलगी, हे शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरतं. शिवलिंगीच्या बिया, गाईच्या दुधातली पुडी किंवा क्षारयुक्त आहाराने ते बदलत नाही. हरियाणात अशा पुड्या घेतलेल्या बायकांच्या बाळांत जन्मजात दोषांचं प्रमाण जास्त आढळलं, आणि काही पुड्यांत हार्मोनसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. गर्भलिंग निवडीची जाहिरात करणं हा 1994 च्या कायद्याने गुन्हाही आहे. पुडी देणारा ओळखीतला असला तरी.

ताट जिथे संपतं

बंद झालेली गर्भनलिका कुठल्याही काढ्याने उघडत नाही. आपल्या देशात तिचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. तो फुप्फुसातच असतो असं नाही, गर्भाशयातही गुपचूप राहतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), वीर्यात शुक्राणूच नसणं, वाढलेलं थायरॉइड, ताब्यात नसलेला मधुमेह: ही तपासणीची आणि औषधाची कामं. बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, 35 च्या पुढे असेल तर सहा महिने वाट बघून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. पाळी दोन-तीन महिने येतच नसेल, पूर्वी क्षय झालेला असेल किंवा ओटीपोटात फार दुखत असेल तर एवढंही थांबू नये.

आणि हे वर्ष मोजायचं कसं, हे कोकणात वेगळं सांगावं लागतं. महिन्यात गर्भ राहण्याचे दिवस जेमतेम सहा: बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू पाचेक दिवस तग धरतात, बीज जेमतेम एक दिवस. नवरा मुंबईत खोलीवर किंवा बोटीवर, ती गावी सासूसासऱ्यांपाशी, भेट गणपतीत आणि शिमग्याला. अशा जोडप्याची लग्नाची तीन वर्षं भरली असतील, पण संधीचे महिने मोजले तर पाच-सहाही भरत नाहीत. त्यातही गणपतीचे दहा दिवस पाहुण्यांनी भरलेल्या घरात, एका खोलीत चौघं झोपलेली. या जोडप्याला बियांचं पाकीट नको, काढा नको, बहुतेक वेळा डॉक्टरही लगेच नको. सलग काही महिने एकत्र राहायची सोय हवी: सुनेला मुंबईला धाडावं, किंवा त्याने रजा जोडून पाळी सुरू झाल्यापासूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावी यावं. पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवली की एवढं ठरवता येतं. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तेच कॅलेंडर बरोबर न्या. आणि नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत न्या.